रावीकाठचे दार आणि गोदाकाठची गाडी

नांदेडहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस सकाळी पूर्णा ओलांडून परभणीच्या फलाटावर येते, तेव्हा तिच्या डब्यांतून निम्मा हिंदुस्थान प्रवास करीत असतो. हजूर साहिबचे दर्शन घेऊन परतणारी पंजाबी कुटुंबे असतात, सुटी संपवून पलटणीकडे निघालेला जवान असतो, दिल्लीला परीक्षेसाठी जाणारा एखादा जिंतूर-सेलूचा विद्यार्थी असतो. मराठवाड्याच्या माणसाला या गाडीचे अप्रूप आता उरलेले नाही. जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भोपाळ, दिल्ली अशी मजल मारत सुमारे दोन हजार किलोमीटरनंतर ती अमृतसरला थांबते. मात्र जिथे गाडी थांबते तिथे वाट थांबत नाही. अमृतसरपासून पुढे पन्नासेक किलोमीटरवर, रावीच्या काठी, डेरा बाबा नानक नावाचे छोटेसे गाव आहे, आणि त्या गावाच्या शिवेवर भारताने आपल्या भूसीमेवरील एक नवे दार बांधले आहे.

९ नोव्हेंबर २०१९ रोजी, गुरू नानकदेवांच्या ५५० व्या जयंतीच्या पर्वावर, करतारपूरला जाणारा हा मार्ग खुला झाला. ७ मे २०२५ रोजी, ऑपरेशन सिंदूरच्या दिवशी, भारताने तेथील यात्रा स्थगित केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुरू नानक जयंतीला ननकाना साहिबला जाणाऱ्या सुमारे दोन हजार यात्रेकरूंच्या जथ्याला अटारीमार्गे परवानगी मिळाली. करतारपूरची वाट मात्र तेव्हाही बंदच राहिली. त्यानंतर या दाराविषयी दोन टोकांची मते ऐकू येऊ लागली. एक मत असे की मुळात हे दार बांधणेच भाबडेपणाचे होते. झाले ते बरे झाले, आता त्याच्याकडे वळूनही पाहू नये. दुसरे मत असे की हा श्रद्धेचा प्रश्न आहे, तिथे सुरक्षेचा विचार आणूच नये, दार तत्काळ उघडावे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने आणि पंजाबातील अनेक नेत्यांनी ही दुसरी मागणी वारंवार केली आहे. या दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. सीमेवरील दार म्हणजे केवळ फाटक, असे दोघेही धरून चालतात. फाटकापर्यंत येणारा रस्ता, पूल, रूळ आणि त्यावरून येणारा माणूस या साऱ्यांचा विचार दोघांच्याही मांडणीतून सुटलेला आहे.

परभणी जिल्ह्याने या वादात का पडावे, असे कोणी विचारील. पंजाबची सीमा कुठे आणि दुधना-पूर्णेचा मुलूख कुठे! पण हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी संत नामदेवांना तो विचारला पाहिजे. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. ज्यांच्या घरी जनाबाई राहिली त्या नामदेवांचे गाव एका टोकाला आणि जनाबाईचे गंगाखेड दुसऱ्या टोकाला, असा तो जुना परभणी जिल्हा. औंढा नागनाथही त्यातच. हे नामदेव उत्तरायुष्यात पायी पंजाबात गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ज्या गुरदासपूर जिल्ह्यात घुमान आहे, त्याच जिल्ह्यात डेरा बाबा नानक आहे. एप्रिल २०१५ मध्ये घुमानला ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या कित्येकांना आपला हा जुना शेजार प्रथमच डोळ्यांनी दिसला. आणि उलट दिशेने पाहिले तर दशम गुरू गोविंदसिंहजी १७०८ साली गोदाकाठी नांदेडला आले, तेथेच त्यांनी देह ठेवला आणि ग्रंथाला गुरुपद दिले. गोदावरी आणि रावी यांच्यामधील ही ये-जा सातशे वर्षांची आहे. रेल्वे काल आली.

सीमा म्हणजे काय, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल, अलीकडे निजामी. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते, मालावर जकात बसे, आणि नातेवाइकांकडे लग्नाला निघालेल्या बैलगाडीचीही झडती होई. मनमाडहून येणारी निजामाची मीटरगेज रेल्वे हीच बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट. मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या सहकाऱ्यांनी हद्दीबाहेर प्रतिकाराची केंद्रे उभारली, ती याच सीमेच्या पलीकडे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सेनेने ही सीमा पुसून टाकली. आजच्या पिढीतील तरुणाला हिंगोलीहून वाशीमला जाताना कधीकाळी येथे नाका होता, हे सांगूनही पटत नाही.

परभणीची सीमा पुसली गेली त्याच्या तेरा महिने आधी पंजाबात एक सीमा आखली गेली होती. १७ ऑगस्ट १९४७ रोजी रॅडक्लिफ यांचा निवाडा जाहीर झाला. गुरदासपूर जिल्ह्याचा बराच भाग भारतात राहिला, पण शकरगढ तहसील पाकिस्तानात गेली आणि तिच्याबरोबर करतारपूर गेले. गुरू नानकदेवांनी आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे जेथे काढली, स्वतः नांगर धरून शेती केली, आल्यागेल्यासाठी लंगर चालविला आणि १५३९ साली जेथे ते ज्योतीत विलीन झाले, ते ठिकाण. सीमेपासून अंतर जेमतेम साडेचार किलोमीटर. परभणीतील शेतकऱ्याला हे अंतर म्हणजे शेजारच्या गावचा बाजार. तेवढ्या अंतरावरून भाविकांनी कित्येक वर्षे सीमेवरच्या चौथऱ्यावर उभे राहून दुर्बिणीतून दर्शन घेतले. सकाळी धुके असेल तर तेही नाही.

या मुलखातही एक रेल्वे होती. अमृतसरहून डेरा बाबा नानकमार्गे रावी ओलांडून नारोवालला जाणारा लोहमार्ग १९२० च्या दशकात झाला. फाळणीनंतर तो डेरा बाबा नानकलाच संपला. नदीवरच्या पुलाच्या परिसरात १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत लढाया झाल्या. ज्या पुलावरून यात्रेकरू जायचे त्या पुलासाठी सैनिकांनी रक्त सांडावे लागले, हे ध्यानात ठेवले म्हणजे करतारपूरच्या मार्गाविषयी बोलताना भाबडेपणाही येत नाही आणि तुच्छताही येत नाही.

१९९९ साली अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले, तेव्हा करतारपूरच्या मार्गाचा विषय निघाला होता. त्यानंतर कारगिल घडले आणि विषय मागे पडला. जवळजवळ वीस वर्षांनी, २२ नोव्हेंबर २०१८ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या बाजूचा मार्ग बांधण्याचा निर्णय घेतला. चार दिवसांनी उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि एका वर्षाच्या आत काम उभे राहिले. सरकारी बांधकामाच्या तारखा पुढे ढकलण्याची सवय असलेल्या या देशात ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. अमृतसर-गुरदासपूर महामार्गापासून आंतरराष्ट्रीय सीमेपर्यंत ४.२ किलोमीटरचा चौपदरी रस्ता सुमारे १२० कोटी रुपये खर्चून झाला. दिवसाला पाच हजार यात्रेकरूंची तपासणी होऊ शकेल अशी प्रवासी इमारत, कागदपत्र पाहणीच्या पन्नासहून अधिक खिडक्या, तीनशे फूट उंचीचा राष्ट्रध्वज, वाहनतळ. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय भूबंदर प्राधिकरणाकडे या साऱ्याचा कारभार आला. याच प्राधिकरणाने अटारी, पेट्रापोल, रक्सौल, आगरतळा अशा ठिकाणी सुसज्ज तपासणी नाके चालविले आहेत. वर्षानुवर्षे ट्रकांच्या रांगा आणि चिखल हेच ज्या सीमांचे रूप होते, तेथे गोदामे, वजनकाटे आणि प्रवाशांसाठी निवारे उभे राहिले. सीमेची राखण करायची तर सीमेवरची ये-जा दिसली पाहिजे, मोजता आली पाहिजे, आणि त्यासाठी चांगली बांधलेली वाट लागते. आडवाटेने येणाऱ्याला कोणी मोजत नाही.

या साऱ्या बांधकामातील सर्वांत बोधप्रद भाग मात्र पुलाचा आहे, आणि तो फारसा चर्चिला गेला नाही. सीमेवर रावीचा एक जुना प्रवाह आहे. त्याला बुढी रावी म्हणतात. भारताने आपल्या बाजूला खांबांवरचा पूल बांधला. पाकिस्तानचा विचार मातीचा भराव टाकून त्यावरून रस्ता नेण्याचा होता. भारतीय अभियंत्यांनी त्याला हरकत घेतली. भराव म्हणजे पाण्याच्या वाटेत घातलेला बांध. पूर आला की पाणी भारताच्या बाजूला तुंबणार आणि डेरा बाबा नानक व आसपासची गावे बुडणार. २०१९ च्या वाटाघाटींत भारताने पुराचा सगळा हिशेब पाकिस्तानपुढे ठेवला. अखेर पाकिस्तानने पूल बांधण्याचे तत्त्वतः मान्य केले. उद्घाटनाच्या दिवशी मात्र तो तयार नव्हता आणि तात्पुरत्या रस्त्यावरून यात्रा सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये रावीला महापूर आला, तेव्हा करतारपूरच्या गुरुद्वाराचा परिसर पाण्याखाली गेला आणि अलीकडेही बांधांना भगदाडे पडून गुरदासपूर जिल्ह्यातील शेते बुडाली. नदी फाळणी मानत नाही, तेव्हा आपल्या बाजूचा अभियंता जागा असावा लागतो. पुढच्याच महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन परभणीची शेतेही पाण्याखाली गेली. त्यामुळे चुकीच्या जागी घातलेला भराव काय करतो, हे येथील शेतकऱ्याला निराळे सांगावे लागणार नाही.

ज्यांना हे दार मुळातच नको होते त्यांच्या शंका पोकळ नव्हत्या, हेही मान्य केले पाहिजे. मार्ग खुला होण्याच्या सुमारास पाकिस्तान सरकारने प्रसृत केलेल्या चित्रफितीत भिंद्रनवाले याचे छायाचित्र झळकले. पाकिस्तानचे त्या वेळचे रेल्वेमंत्री शेख रशीद यांनी तर ही कल्पना लष्करप्रमुख जनरल बाजवा यांची असून ती भारताला सदैव सलत राहील, असे उघडपणे सांगून टाकले. जे गुप्तपणे करायचे ते जाहीर सभेत बोलून दाखविण्याचा त्यांच्या काही नेत्यांना सोस आहे, हे भारताचे एक छोटेसे भाग्यच. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये गुरुद्वाराची व्यवस्था तेथील शीख प्रबंधक समितीकडून काढून सरकारी मालमत्ता मंडळाच्या अखत्यारीत नेण्यात आली. भारताने तिचा निषेध केला. प्रत्येक यात्रेकरूकडून वीस डॉलर शुल्क घेण्याचा हट्टही पाकिस्तानने सोडला नाही. गुरूच्या लंगरात फुकट जेवण, आणि लंगरापर्यंत जायला वीस डॉलर!

तरीही भारताने करार केला, आणि तो डोळे उघडे ठेवून केला. करारात यात्रा सर्व धर्मांच्या भारतीयांसाठी खुली ठेवली गेली. सकाळी जायचे, सूर्यास्तापूर्वी परतायचे. गुरुद्वारापलीकडे कोठेही जायचे नाही. व्हिसा नको पण पासपोर्ट हवा. आधी नोंदणी करून भारत सरकारची अनुमती घ्यायची. कोण गेला, कोण परतला, याचा हिशेब रोज संध्याकाळी भारताकडे असे. १६ मार्च २०२० रोजी महामारीमुळे मार्ग बंद झाला, १७ नोव्हेंबर २०२१ रोजी पुन्हा उघडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कराराची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढविण्यात आली. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला धर्म विचारून २६ जणांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यानंतर भारताने पाऊल उचलले, त्याच ओघात हे दारही बंद केले. ही यात्रा बंद होण्याचे दुःख पंजाबातील घराघरांत झाले असेल यात शंका नाही. पण निर्णय योग्य होता. ज्या राज्यातून मारेकरी येतात त्या राज्याच्या हद्दीत आपले हजारो निःशस्त्र भाविक रोज पाठविणे कोणत्याही जबाबदार सरकारला शक्य नव्हते. भाविकाचा जीव हाही श्रद्धेचाच विषय आहे.

येथेच पहिल्या मताची चूक दिसते. दार बंद करता आले याचे कारण ते दार भारताने बांधलेले होते, त्याची किल्ली भारताकडे होती. बंद ठेवणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे. इमारतीला वापर नसला की काय होते, हे मराठवाड्यातल्या बंद पडलेल्या कोणत्याही साखर कारखान्याकडे पाहिले तर कळते. डेरा बाबा नानकच्या त्या इमारतीची, पुलाची, पुराने खचलेल्या बांधांची निगा दार बंद असतानाच राखली पाहिजे. वाट उघडण्याचा दिवस दिल्ली ठरवील. तो दिवस उद्या आला तर आपल्या बाजूची एकही खिडकी गंजलेली असता कामा नये.

आता परभणीकडे पाहू. पाच हजारांची क्षमता असलेल्या या मार्गावर रोजच्या यात्रेकरूंची संख्या त्या आकड्याच्या जवळही गेली नाही. वीस डॉलर आणि पासपोर्ट ही कारणे सांगितली जातात, ती खरीही आहेत. कापूस-सोयाबीन विकून यात्रेला निघालेल्या गंगाखेड किंवा पाथरीच्या कुटुंबाला चौघांचे पासपोर्ट काढणे हेच एक मोठे काम आहे. पण तिसरे कारण वाटेचे आहे. पंजाबच्या बाहेरून येणाऱ्यासाठी ही चार किलोमीटरची वाट दोन हजार किलोमीटरनंतर सुरू होते. सीमेवर चौपदरी रस्ता आणि परभणीत एकपदरी रूळ, अशी ही वाट आहे. १९९० च्या दशकात मनमाड-परभणी मार्ग रुंद झाला, म्हणून तर नांदेडहून अमृतसरला थेट गाडी धावू शकली. त्याआधी मनमाडला गाडी बदलणे नशिबी होते. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाले. परंतु परभणीपासून संभाजीनगरपर्यंतचा १७७ किलोमीटरचा मार्ग एकेरीच राहिला. समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत एखाद्या छोट्या स्थानकावर तिष्ठत उभी राहिलेली गाडी, हे दृश्य मराठवाड्याच्या प्रवाशाच्या इतके परिचयाचे आहे की तो आता तक्रारही करीत नाही. डबा उघडतो आणि जेवून घेतो. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. ऑपरेशन सिंदूरच्या गदारोळात आणि नंतरच्या पावसाच्या चिंतेत या बातमीला हवे तेवढे मोल मिळाले नाही. वास्तविक रावीकाठच्या दाराशी या रुळांचे नाते सरळ आहे. सीमेवरील रस्ता ज्या निकडीने एका वर्षात झाला, ती निकड सीमेपासून दोन हजार किलोमीटर आतल्या रुळांनाही लाभली पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जिला पाकिस्तानच्या परवानगीची आवश्यकताच नाही. नर्सी, औंढा, नांदेड, अमृतसर, घुमान, डेरा बाबा नानक ही सारी स्थळे भारतात आहेत. नामदेवांच्या वाटेची ही यात्रा दार बंद असतानाही पूर्ण होऊ शकते. करतारपूर हे तिचे पलीकडचे टोक. आज नर्सीला दर्शनाला आलेल्या वारकऱ्याला घुमानला कसे जायचे हे सांगणारा फलकही सहज सापडणार नाही आणि नांदेडला आलेल्या पंजाबी भाविकाला नर्सीपर्यंत नेणारी सोय त्याची त्यालाच शोधावी लागते. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते, घाट आणि विमानतळ सुधारले, तेव्हा त्याचा काही अंश हिंगोली-परभणीच्या वाट्याला यायला हवा होता. तेवढी दूरदृष्टी तेव्हा दाखविली गेली नाही. नांदेडला येणारा शीख भाविक नर्सीला आणि नर्सीचा वारकरी घुमानला सहजपणे पोचू लागला, तर सीमेवरच्या त्या इमारतीत परभणीचा माणूस उपरा वाटणार नाही. येथील भजनी मंडळे, गुरुद्वारे, महाविद्यालये आणि एस. टी. महामंडळ यांना यात पुष्कळ करता येईल, आणि त्यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढविलेल्या कराराची मुदत २०२९ मध्ये संपते. तोवर करतारपूरची वाट कधी आणि कोणत्या अटींवर उघडायची, हे दिल्लीने सीमेवरील परिस्थिती पाहून ठरवावे. त्यात कोणी घाई करू नये. परंतु त्याच मुदतीत परभणी-संभाजीनगर दरम्यान दुसरे रूळ पडून सचखंड एक्स्प्रेस न खोळंबता धावू लागली पाहिजे, या मागणीसाठी इस्लामाबादकडे पाहण्याचे कारण नाही. तिचा पाठपुरावा सिकंदराबादला दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयात आणि दिल्लीला रेल्वे मंत्रालयात करावयाचा आहे, आणि तो परभणीच्या लोकप्रतिनिधींनी आजपासूनच हाती घ्यावा.